अवघड आलं तर सोडून पुढे जा

माझा स्वभाव तापट आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणाला तसदी नको. भाजी खारट झाली तरी माझं डोकं फिरतं आणि एसटी वेळेवर सुटली तरी फिरतं, कारण तेव्हा मी वेळेवर पोचलेली नसते. पण परीक्षा म्हटलं की मी एकदम शांत. अर्थात परीक्षा दुसऱ्याची असेल तर.

वीस-बावीस वर्षं झाली मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. सध्याची शाळा राजूरच्या वर डोंगरात, एका वाडीवर आहे. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी आमच्या सरांकडे, जे माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान आहेत, आणि तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथी झाली की मुलं खाली राजूरला शिकायला जातात. सोमवार ते शनिवार मी राजूरला भाड्याच्या खोलीत राहते, शनिवारी शाळा सुटली की नगरला घरी. तिथे आमचे हे आणि आमची लेक. हे नागापूरला एका कारखान्यात कंत्राटावर आहेत. म्हणजे नोकरी आहे, पण ती आहे असं छातीठोकपणे कुणी म्हणत नाही.

वाडीवरच्या पोरांना परीक्षेची फार धास्ती. एरवी आंब्याच्या शेंड्यावर चढणारी पोरं चाचणीच्या दिवशी पोट धरून बसतात. "बाई, पोटात लई दुखतंय." मग मी त्यांना माझा मंत्र सांगते. पेपर हातात आला की आधी एक मोठा श्वास घ्यायचा. शेजाऱ्याचं काय चाललंय ते बघायचं नाही. सोपं आधी सोडवायचं. अवघड आलं तर त्याच्याशी भांडत बसायचं नाही, सोडून पुढे जायचं. आणि झालेल्या पेपरवर चर्चा करायची नाही. हाच मंत्र मी लेकीलाही तिच्या पहिलीपासून देत आले. यंदा तिची दहावी, त्यामुळे मंत्राचा डोस जरा वाढवला होता.

आणि अशात ती बातमी आली. सेवेत असलेल्या शिक्षकांनीही पात्रता परीक्षा द्यायची. टीईटी. ठरलेल्या मुदतीत पास झालात तर ठीक, नाहीतर नोकरी सोडून घरी. माझ्या निवृत्तीला अजून बरीच वर्षं बाकी, म्हणजे सुटका नाही.

पहिले दोन दिवस मी नुसती भांडत होते. कुणाशी ते नक्की नव्हतं. सरांशी भांडले, कारण ते टीईटी पास होऊनच नोकरीला लागलेले आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला उगाचच एक पास झाल्याचं हसू दिसायला लागलं. ह्यांच्याशी भांडले, कारण हे म्हणाले, "अगं, तू एवढी हुशार, तुला काय अवघड आहे?" माझ्या जाऊबाईंचा फोन आला. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, पण मग इतकी वर्षं तुम्ही परीक्षा न देताच शिकवत होतात का?" मी फोन ठेवला आणि रागाच्या भरात कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या जास्त काढल्या. त्या दिवशी वरणाची खीर झाली होती.

राग उतरला तेव्हा खाली भीती सापडली. नोकरी गेली तर लेकीची अकरावी-बारावी कशी करायची? घर माझ्या पगारावर उभं आहे हे आम्ही दोघंही जाणतो आणि बोलत नाही. शिवाय एक गोष्ट मला कुणाला सांगताही येईना. मला ती शाळा सोडवणार नव्हती. बदलीसाठी मी स्वतः दोनदा अर्ज केलेला, रस्त्याला, पावसाला, रेंज नसण्याला रोज शिव्या घातलेल्या. पण कुणीतरी उठून 'तुम्ही आता येऊ नका' म्हणणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

मग अभ्यास सुरू झाला. सरांनी त्यांची जुनी पुस्तकं आणून दिली आणि "मॅडम, रोज सकाळी ध्यान करा" असा सल्लाही दिला. सकाळी ध्यानाला बसले की मला गॅस बंद केलाय का ते आठवायचं. गणित ठीक होतं, मराठीही ठीक. इंग्रजीशी माझं नातं दूरच्या पाहुण्यासारखं, समोर आलं की हसायचं आणि खुशाली विचारून सटकायचं. पण खरा घोळ होता बालमानसशास्त्राचा.

एक नमुना प्रश्न असा होता: वर्गात एखादं मूल सतत खिडकीबाहेर पाहत असेल तर शिक्षकाने काय करावे? पर्याय चार: शिक्षा करावी, दुर्लक्ष करावे, पालकांना बोलवावे, पाठ अधिक रंजक करावा. आता माझ्या वर्गातलं मूल खिडकीबाहेर पाहत असेल तर बाहेर त्याची शेळी कुणाच्या तरी भातात शिरलेली असते. शिक्षकाने त्याला पाच मिनिटं सोडावं, शेळी हाकलून तो परत येतो. हा पर्याय पुस्तकात नव्हता.

शनिवारी एसटीत पुस्तक उघडायचं ठरवलं. राजूरहून नगर म्हणजे वेळच वेळ. पण मूल कोणत्या वयात काय शिकतं याचे टप्पे पाठ करताना डोळा लागायचा आणि कोल्हारच्या स्टँडवर जाग यायची. एकदा तिथे एक आजीबाई पिशवी घेऊन शेजारी बसल्या. माझ्या मांडीवरचं पुस्तक बघून म्हणाल्या, "लेकीची परीक्षा हाय व्हय?"

"नाही, माझीच."

आजीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. केसातली पांढरी बट, नाकावरचा चष्मा. "अगं बया," त्या म्हणाल्या, "पहिल्या टायमाला न्हाई का सुटली?"

मी पुस्तक मिटलं.

घरी आता दोन परीक्षार्थी झाले होते. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला दहावी, दुसऱ्या बाजूला मी. ह्यांची फार पंचाईत झाली. टीव्ही लावायची सोय नाही, फोनवर मोठ्याने बोलायची सोय नाही. चहा आणून ठेवायचे तोही चोरपावलांनी. लेक मात्र मजेत होती. तिने मोबाईलवर वेळ लावून माझे सराव पेपर घ्यायला सुरुवात केली, आणि तपासताना माझ्याच लाल पेनाने तपासायची.

"मम्मी, हे चूक आहे."

"चूक कसं? मी रोज हेच करते. मुलं शिकतात की नाही?"

"मम्मी, उत्तरसूचीशी भांडायचं नसतं."

"उत्तरसूची लिहिणाऱ्याने कधी चौथीचा वर्ग बघितलाय का?"

"मोठा श्वास घे," लेक म्हणाली. "शेजाऱ्याचं बघू नकोस. अवघड आलं तर सोडून पुढे जा."

स्वतःची वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं हा मोठा त्रासदायक प्रकार असतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की 'टेन्शन घेऊ नकोस' हे ऐकलं की आधी टेन्शन येतं, आणि मग ते आल्याचं टेन्शन येतं. पण कबूल करायला मी थोडीच तयार होते. मी मोठा श्वास घेतला आणि तो लेकीच्या अंगावर सोडला.

परीक्षेचं केंद्र नगरमधल्या एका कॉलेजात होतं. सकाळी लेकीने माझ्या हातावर दही ठेवलं आणि आजीसारखं तोंड करून म्हणाली, "शांत डोक्याने लिही हं." हे मला गाडीवर सोडायला आले. फाटकापाशी बघते तर काय, सगळा गाव शिक्षकांचा. टक्कल पडलेले गुरुजी, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या बाई, कुणाचा मुलगा आईची शेवटची उजळणी घेतोय, कुणाचा नवरा थर्मास घेऊन उभा. एक मुख्याध्यापक भिंतीकडे तोंड करून टप्पे पाठ करत होते, आणि त्यांची बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती.

दारावर तपासणी होती. माझी पर्स उघडली तर आतून पेनं निघाली, आणि सगळी लाल. तपासणारी बाई म्हणाली, "मॅडम, काळं पेन लागतं." शिक्षकाच्या पर्समध्ये काळं पेन? रांगेतल्या बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या चाचपल्या. निम्म्यांकडे लालच निघाली. शेवटी मागच्या एका गुरुजींनी खिशातलं जादा काळं पेन दिलं. म्हणाले, "घ्या, बायकोनं आठवणीनं दोन ठेवलीत."

आत बाकं लहान होती. कॉलेजची असली तरी आम्हाला लहानच, कारण एवढ्या वर्षांत आम्ही बाकावर बसणं विसरून टेबलापाशी उभे राहायला लागलो होतो. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या प्रत्येकजण दुसऱ्याला सूचना द्यायला लागला. "नंबर बघून बसा." "चपला बाहेर." "ए, बोलायचं नाही." पर्यवेक्षक म्हणून आलेली मुलगी जेमतेम पंचविशीची. तिला एक शब्द बोलायची गरज पडली नाही. आम्हीच एकमेकांना गप्प केलं.

पेपर हातात आला. मी मोठा श्वास घेतला. शेजाऱ्याचं पाहिलं नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, आणि वेगळ्या उत्तरपत्रिकेवर बरोबर पर्यायाचा गोल काळा करायचा. एकदा केलेला गोल खोडायचा नाही. सुरुवात छान झाली. खिडकीबाहेर बघणारं मूल नव्हतं, पण त्याचा भाऊ होता: खोड्या करणारं मूल. मी उत्तरसूचीला काय आवडेल ते ओळखून लिहिलं. पुढे एक प्रश्न आला, त्याचे चारही पर्याय मला बरोबर वाटले. मी मनात म्हटलं, अवघड आलं, सोडून पुढे जा. आणि पुढे गेले. अंगात कसली शक्ती आली होती कोण जाणे, भराभर गोल काळे होत होते. मला वाटलं, आपला मंत्र आहे खरा गुणाचा.

अशात घंटा झाली.

ती नुसती तास भरल्याची घंटा होती. पण वीस-बावीस वर्षं घंटा झाली की माझं शरीर काय करतं ते शरीरालाच ठाऊक. मी ताडकन उभी राहिले आणि डोंगरावर कमावलेल्या आवाजात ओरडले, "पेनं खाली! आता कुणी लिहायचं नाही!"

अर्ध्या हॉलने पेनं खाली ठेवली. माझ्या पुढच्या गुरुजींनी तर हाताची घडी घातली.

पर्यवेक्षिका धावत आली. "मॅडम... मॅडम, तुम्ही परीक्षा देताय."

हॉल असा हसला की शेजारच्या हॉलमधून कुणीतरी डोकावलं. मी खाली बसले. कान तापले होते. हसण्याचा जोर ओसरल्यावर उगाच काहीतरी करतेय असं दाखवायला मी प्रश्नाचा नंबर आणि उत्तरपत्रिकेवरच्या गोलाचा नंबर जुळवून पाहिला. जुळत नव्हता. पुन्हा पाहिला. तो अवघड प्रश्न मी सोडला होता, पण त्याच्या वाटचे गोल सोडले नव्हते. त्या जागी पुढच्या प्रश्नाचं उत्तर काळं झालं होतं, त्याच्या पुढच्या जागी त्याच्या पुढचं, आणि अशी सगळी फलटण एकेक घर सरकून बसली होती.

आतापर्यंत ज्या ज्या पोराने 'बाई, पोटात दुखतंय' म्हटलं, त्या प्रत्येकाचं खरंच दुखत होतं हे मला त्या बाकावर कळलं. माझंही दुखत होतं. एक मोठा श्वास घेऊन पाहिला, तो अर्ध्यावर अडकला. उरलेले प्रश्न मी नीट नंबर बघून सोडवले, पण सरकलेल्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं.

बाहेर हे थर्मास घेऊन उभे. "सोपा होता ना?" त्यांनी विचारलं.

हाच प्रश्न मी लेकीला प्रत्येक पेपरनंतर विचारते. मी सरळ गाडीवर मागे बसले. घरी आल्यावर सगळं सांगितलं. घंटेचं ऐकून लेक जमिनीवर बसून हसली. गोल सरकल्याचं ऐकून उठली आणि जवळ येऊन माझ्या गळ्यात हात टाकले. "झालेल्या पेपरवर चर्चा करायची नाही," ती म्हणाली. आणि या वेळी मला तिचा राग आला नाही.

निकाल लागेपर्यंत मी आशा सोडली नव्हती. चुकीचं उत्तर शेजारच्या घरात जाऊन तिथे बरोबर ठरत असेल, असा माझा एक हिशेब होता. सरांनी गणिताने तो शक्य असल्याचं सांगितलं. पोरगा मनाने चांगला आहे.

निकाल लागला तो शाळेच्या दिवशी. वाडीवर रेंज फक्त हापशामागच्या दगडावर चढलं की मिळते. दुपारच्या सुट्टीत सर आणि मी दगडावर चढलो, आणि खाली माझी तिसरी-चौथीची सगळी पोरं गोळा झाली. बाईंनी परीक्षा दिली हे त्यांना ठाऊक होतं. ती खाऊन झालेल्या खिचडीचे हात चड्डीला पुसत वर बघत होती. सरांनी नंबर टाकला. फोनवर चाक फिरत राहिलं. मग एक शब्द आला: अपात्र.

फोन माझ्याकडे द्यायचा की खिशात ठेवायचा ते सरांना कळेना.

"काय झालं बाई?" खालून तिसरीतली एक पोरगी ओरडली. ही वर्गातली सगळ्यांत चुरचुरीत, घरी म्हशी सांभाळते आणि शाळेत मला.

खोटं काय बोलायचं? "नापास झाले," मी म्हटलं.

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या! नुसत्या टाळ्या नाहीत, एकाने शीळ घातली, दोघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, आणि ही पोरगी दोन्ही हात वर करून नाचायला लागली.

माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एवढी वर्षं घसा फोडला, कुणाची नाकं पुसली, कुणाचे काटे काढले, आणि बाई नापास झाल्याचा आनंद? मी दगडावरून उतरले ते थेट त्यांच्या अंगावर. "लाज नाही वाटत? हसताय कसले? एक शब्द ऐकू आला तर बघा!"

सगळ्यांच्या माना खाली. पोरगी तेवढी मान वर करून उभी.

"बाई, तुमी पास झाल्या असत्या तर गेल्या असत्या ना," ती म्हणाली.

"कुठे?"

"खाली. राजूरला. न्हाईतर नगरला. जो पास हुतो तो जातोच ना बाई. चौथीची समदी पोरं पास झाली का जात्यात. माझा भाऊबी गेला. तुमी नापास झाल्या, आता हितंच ऱ्हानार."

मागून दोघा-तिघांनी माना डोलवल्या.

मी हापशाच्या कट्ट्यावर बसले. राग कुठे गेला कळलं नाही. माझ्या बाबतीत हे उलटं आहे, हे त्यांना कसं सांगायचं? पण सांगितलं. म्हटलं, "बाळांनो, मोठ्यांचं तसं नसतं. पास झाले तर मी इथेच राहणार. नापास झाले तर मला काढून टाकणार. अजून एकदा देता येईल परीक्षा. पण पास व्हावंच लागेल."

पोरांचे चेहरे उतरत गेले. शीळ घातलेला पोरगा रडकुंडीला आला. पोरगीने कपाळावर हात मारला.

"असं व्हय! मंग आदी सांगायचं ना बाई!" ती माझ्यावरच ओरडली. "आमी समद्यांनी देवाला नापास करा म्हून सांगितलंय! नारळाची वाटी ठिवली हुती!"

सर तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

पोरगीने बाकीच्यांकडे पाहिलं. काही बोलणं झालं नाही, पण सगळ्यांना कळलं. देऊळ वाडीच्या पार वरच्या टोकाला, चढ उभा. पोरं पळत सुटली. कुणाच्या पायात चप्पल नव्हती, शीळवाला सगळ्यांच्या पुढे, आणि पोरगी मागून ओरडत होती, "नीट सांगा रं! बाईला पास करा म्हनावं!"

"मॅडम," सर म्हणाले, "सुट्टी संपली. पुढचा तास..."

शेळी हाकलायची नसेल तर शाळेच्या वेळेत एका पोराला मी कधी फाटकाबाहेर सोडलेलं नाही. "राहू द्या," मी म्हटलं.

मग मी वर्गात गेले. बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडून रिकाम्या बाकांपुढे बसले, आणि डोळे इतके भरून आले की मला त्यातली एक ओळ वाचता आली नाही.